आरएनए पॉलिमरेज २: बारा सबयुनिटं काय करतात, आणि शुद्ध एन्झाइम प्रमोटरवर गप्प का बसतं

प्रश्न असा आहे: यीस्टमधून आरएनए पॉलिमरेज २ शुद्ध केलं. जेलवर पट्टे जागच्या जागी आहेत. वासराच्या थायमसचा डीएनए दिला की एन्झाइम भरपूर आरएनए बनवतं. पण टाटा पेटी (टी आणि ए बेसांचा ठरावीक क्रम) असलेला प्रमोटर, म्हणजे जनुक कुठून वाचायचं हे ठरवणारा डीएनएचा भाग, प्लास्मिडमध्ये घालून दिला, तर ठरलेल्या लांबीचा आरएनए मिळतच नाही. एन्झाइम बिघडलंय का? जोडीला दुसरा प्रश्न: जिवाणूंचं पाच सबयुनिटांत (एन्झाइम ज्यांचं बनतं त्या प्रथिनांत) भागतं, मग दृश्यकेंद्रकी पेशींना बारा कशाला लागतात?

एन्झाइम ठणठणीत आहे. पॉल २ ला (पुढे असंच म्हणतो) प्रमोटर वाचता येत नाही. आरएनएची साखळी विणणं हे त्याचं काम. कुठून सुरुवात करायची हे दुसऱ्यांनी सांगायचं. बारा सबयुनिटांचं कोडंही इथेच सुटतं. विणायचं यंत्र जिवाणूंचं आणि आपलं जवळपास एकच आहे. वाढलेला पसारा बहुतेक बाहेरच्या अंगाला आहे, जिथे इतर प्रथिनं येऊन टेकतात.

थायमसच्या डीएनएवर फसायला होतं, ते का हे आधी सांगतो. बाजारात मिळणाऱ्या त्या डीएनएमध्ये जागोजागी एका धाग्याला चिरा असतात, टोकं उसवलेली असतात. पॉल २ ला असं उघडं टोक मिळालं की ते कुठूनही सुरू होतं. मिश्रणात मँगनीज असेल तर अधिकच. म्हणजे ही चाचणी फक्त एवढंच सांगते की एन्झाइमला न्यूक्लिओटाइड जोडता येतात. शुद्धीकरणाच्या कॉलममधून कोणत्या नळीत एन्झाइम उतरलं हे शोधायला ती उत्तम, त्यापलीकडे तिच्यावर विसंबू नये.

पॉलिमरेजची तीन रूपं पहिल्यांदा वेगळी झाली तीही अशाच ढोबळ चाचणीवर. १९६९ मध्ये रॉबर्ट रोडर आणि विल्यम रटर यांनी डीईएई-सेफाडेक्स कॉलमवर मीठ वाढवत नेलं आणि तीन शिखरं वेगळी उतरली. उतरण्याच्या क्रमानेच त्यांना १, २, ३ हे आकडे मिळाले. महत्त्वाशी त्यांचा संबंध नाही. पॉल १ मोठ्या रायबोसोमल आरएनएचा पूर्वज बनवतं, पॉल ३ टीआरएनए, ५एस आरएनए, यू६ असे छोटे तुकडे, आणि पॉल २ सगळे एमआरएनए आणि बरेच बिनप्रथिनी आरएनए. वनस्पतींत पॉल ४ आणि पॉल ५ अशी आणखी दोन आहेत. ती पॉल २ मधूनच उत्क्रांत झाली आणि जनुकं गप्प करण्याच्या कामात आहेत.

आता गाभा. जिवाणूच्या एन्झाइममध्ये दोन अल्फा, एक बीटा, एक बीटा-प्राइम आणि एक ओमेगा. पॉल २ मध्ये बीटा-प्राइमच्या जागी आरपीबी१, बीटाच्या जागी आरपीबी२, दोन अल्फांच्या जागी आरपीबी३ आणि आरपीबी११ ही जोडी, आणि ओमेगाच्या जागी आरपीबी६. हे पाच झाले. यीस्टमध्ये आरपीबी१ सुमारे १९० किलोडाल्टन, आरपीबी२ सुमारे १४०. बाकी सगळी ३५ च्या आसपास किंवा खाली, काही तर जेमतेम ८. सगळं मिळून पाच लाख डाल्टनच्या थोडं वर. आरपीबी१ आणि २ समोरासमोर बसून मधे खोल फट तयार करतात. आरपीबी३ आणि ११ मागच्या बाजूला त्यांना एकत्र धरून ठेवतात, जोडणीची सुरुवातही तिथूनच होते.

राहिलेल्या सातांपैकी आरपीबी५, ८, १० आणि १२ तिन्ही पॉलिमरेजांमध्ये जशीच्या तशी असतात. आरपीबी६ धरून ही सामायिक पाच. आरपीबी९ कडेला जबड्यापाशी बसतं. आरपीबी४ आणि ७ मिळून एक देठ बनतो, जो एन्झाइमच्या अंगातून बाहेर डोकावतो. दहा गाभ्याची आणि दोन देठाची, असे बारा.

पाठ्यपुस्तकं बहुधा इथे थांबतात, पण पुढचा हिशोब त्याहून बोलका आहे. पॉल १ मध्ये १४ सबयुनिटं आहेत आणि पॉल ३ मध्ये १७. ती जास्तीची कुठली? पॉल १ मधली दोन, ए४९ आणि ए३४.५, ही टीएफटूएफ या पॉल २ च्या साथीदार प्रथिनासारखी आहेत. पॉल ३ मध्येही तशीच एक जोडी आहे, सी५३ आणि सी३७; शिवाय सी८२, सी३४, सी३१ हे त्रिकूट, जे टीएफटूई या दुसऱ्या साथीदाराच्या जागी येतं. १२ अधिक २ म्हणजे १४. १२ अधिक २ अधिक ३ म्हणजे १७. पॉल १ आणि ३ यांना मोजक्याच प्रकारची जनुकं पुन्हा पुन्हा वाचायची असतात, म्हणून त्यांनी हे साथीदार घरातच ठेवून घेतले. पॉल २ ला हजारो जनुकं, प्रत्येकाची वेळ निराळी; त्याचे साथीदार सुटे राहिले, म्हणजे गरजेप्रमाणे येतात आणि जातात. तुमच्या नळीत नेमके हेच सुटे साथीदार नाहीत. शुद्धीकरणात ते धुऊन गेले.

रचनेकडे वळू. २००१ मध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेने यीस्टच्या पॉल २ चे दोन स्फटिक सोडवले: दहा सबयुनिटांचं मोकळं एन्झाइम २.८ अँगस्ट्रॉमला, आणि आरएनए बनवत असताना पकडलेलं ३.३ अँगस्ट्रॉमला. २००६ चं रसायनशास्त्राचं नोबेल या कामावर मिळालं. दहाच का? आरपीबी४ आणि ७ सहज सुटून पडतात. नमुन्यातल्या काही रेणूंना देठ आहे आणि काहींना नाही, अशाने चांगला स्फटिक होत नाही. म्हणून आरपीबी४ चं जनुक काढलेल्या यीस्टमधून एन्झाइम घेतलं. बारा सबयुनिटांची रचना त्यानंतर, २००३ मध्ये आली.

एन्झाइम हातात धरल्यासारखं डोळ्यांसमोर आणा. पुढच्या बाजूने जबड्यांमधून दुपदरी डीएनए आत येतो. फटीच्या एका काठावर क्लॅम्प आहे. दाराच्या फळीसारखा तो बुडाशी बिजागरीवर फिरतो, आणि त्याचं टोक ३० अँगस्ट्रॉमपर्यंत हलतं. डीएनए आणि आरएनए आत बसले की दार लागतं, म्हणूनच एकदा धावायला लागलेलं पॉल २ लाखो न्यूक्लिओटाइड पार करूनही डीएनए सोडत नाही. फटीच्या तळाशी उत्प्रेरक केंद्र. त्याच्या पलीकडे आरपीबी२ ची भिंत, जी वाट अडवते. भिंतीमुळे आरएनए-डीएनएचा संकरित दुपदर जवळजवळ काटकोनात वर वळतो. आठ-नऊ जोड्यांनंतर झाकण आणि सुकाणू या नावांचे दोन लूप आरएनएला साच्यापासून, म्हणजे वाचल्या जाणाऱ्या डीएनए धाग्यापासून, सोडवतात. आरएनए देठाच्या बाजूने बाहेर पडतो, आणि डीएनएचे धागे पुन्हा एकमेकांना मिळतात. केंद्राच्या खालच्या बाजूला एक नरसाळं आहे. त्याचं निमुळतं तोंड केंद्रात उघडतं. न्यूक्लिओटाइड बहुधा इथूनच आत येतात.

एक फेरी जवळून पाहू. केंद्रात एक मॅग्नेशिअम कायमचा बसलेला असतो. यीस्टच्या आरपीबी१ मधली ४८१, ४८३ आणि ४८५ ही तीन अ‍ॅस्पार्टेट त्याला धरून ठेवतात. दुसरा मॅग्नेशिअम येणाऱ्या न्यूक्लिओटाइडच्या फॉस्फेटांबरोबर येतो आणि काम झाल्यावर त्यांच्याबरोबर जातो. न्यूक्लिओटाइड साच्यावरच्या बेसशी जुळलं की ट्रिगर लूप हा आरपीबी१ चा लवचिक भाग त्याच्याखाली येऊन दाबून बसतो. त्यातलं १०८५ क्रमांकाचं हिस्टिडिन फॉस्फेटांपाशी येतं, ल्यूसिन १०८१ बेसला खालून टेकू देतं. साखरेवरचा २' हायड्रॉक्सिल तिथे आहे की नाही हेही तपासलं जातं. डीएनएचा न्यूक्लिओटाइड इथेच नापास होतो. जोडी चुकीची असेल तर लूप नीट मिटत नाही, आणि लूप मिटल्याशिवाय प्रक्रियेला वेग येत नाही. सगळं जुळलं की आरएनएच्या टोकाचा ३' हायड्रॉक्सिल अल्फा फॉस्फेटवर हल्ला करतो, नवा बंध तयार होतो, पायरोफॉस्फेट बाहेर पडतो, लूप उघडतो, आणि संकरित दुपदर एक पाऊल मागे सरकून पुढच्या न्यूक्लिओटाइडला जागा करून देतो. या सरकण्याशी ब्रिज हेलिक्सचा संबंध आहे. फटीच्या आरपार जाणारी ही लांब हेलिक्स यीस्टच्या स्फटिकात सरळ दिसली आणि जिवाणूच्या रचनेत मधे वाकलेली. त्यावरूनच कल्पना निघाली की ती वाकते-सरळ होते आणि पाऊल पुढे पडतं. सरकणं मुळात उष्णतेच्या धक्क्यांनी मागे-पुढे होतच असतं. पुढचं न्यूक्लिओटाइड बसलं की मागे जायची वाट बंद होते. सस्तन प्राण्यांत पॉल २ साधारण मिनिटाला दोन हजार न्यूक्लिओटाइड जातं. म्हणजे ही सगळी फेरी सरासरी ३० मिलिसेकंदांत.

ट्रिगर लूपमधला एक बदल लक्षात ठेवण्यासारखा आहे: ग्लुटामेट ११०३ च्या जागी ग्लायसिन आलं तर लूप सहज मिटतो, एन्झाइम जोरात धावतं आणि चुकाही जास्त करतं. उलट हिस्टिडिन १०८५ बदललं तर एन्झाइम रेंगाळतं. वेग आणि अचूकपणा एकाच लूपच्या हातात आहेत.

अमानिटिन नेमकं इथेच अडकतं. अमानिटा फॅलोइडिस या जीवघेण्या अळंबीतलं हे विष ब्रिज हेलिक्सच्या खाली, ट्रिगर लूपच्या शेजारी बसतं. न्यूक्लिओटाइड आत येतो, बंधही होतो. पण दोन्ही भागांची हालचाल जखडल्यामुळे पाऊल पुढे पडत नाही. वेग मिनिटाला हजारोंवरून काही मोजक्या न्यूक्लिओटाइडांवर येतो. प्रयोगात त्याचा उपयोग म्हणजे हा आरएनए कोणत्या पॉलिमरेजने बनवला हे ओळखणं. माणसाच्या पेशींच्या अर्कात १ ते २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरला पॉल २ पूर्ण थांबतं, पॉल ३ थांबवायला शंभरपटीच्या आसपास लागतं, पॉल १ ला फरक पडत नाही. हे आकडे यीस्टला लावू नका. यीस्टचं पॉल २ कमी संवेदनशील आहे, अर्कात १० मायक्रोग्रॅमपर्यंत जावं लागतं. आणि तिथे पॉल १ आणि ३ चा क्रमही उलटा आहे, पॉल ३ जास्त चिवट. जिवंत पेशींवर वापरताना आणखी एक अडचण: अमानिटिन बहुतेक पेशींत सावकाश शिरतं, परिणामाला काही तास लागतात, आणि तोवर आरपीबी१ चं विघटन सुरू झालेलं असतं. मग दिसणारा परिणाम एन्झाइम थांबल्याचा की एन्झाइम नाहीसं झाल्याचा, हे सांगता येत नाही. वेळ मोजायची असेल तर सस्तन पेशींत ट्रिप्टोलाइड किंवा फ्लाव्होपिरिडॉल घ्या, पण दोघांचं लक्ष्य वेगळं आहे हे विसरू नका: पहिलं सुरुवात अडवतं, दुसरं सुरू झालेल्या पॉल २ ला प्रमोटरजवळच्या थांब्यातून सुटू देत नाही. ट्रिप्टोलाइडनेही आरपीबी१ काही तासांत कमी होतं, तेव्हा त्याच्या आत काम उरका.

एन्झाइम मागेही सरकतं. चुकीचा बेस जोडला गेला किंवा समोर न्यूक्लिओसोम (हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए) आला की आरएनएचं ३' टोक साच्यापासून सुटून नरसाळ्याच्या दिशेने बाहेर लोंबायला लागतं. केंद्रात आता टोक नाही, मधलाच भाग आहे; जोडायला काही उरत नाही. टीएफटूएस हे प्रथिन नरसाळ्यातून आपलं लांब बोट आत घालतं. बोटाच्या टोकाशी दोन आम्लधर्मी अमिनो आम्लं असतात. केंद्रातला मॅग्नेशिअम वापरून लोंबणारा तुकडा कापला जातो आणि नवं ३' टोक बरोबर जागी येतं. पॉल १ आणि ३ मध्ये हे बोट सबयुनिटातच घडवलेलं आहे. पॉल २ मध्ये आरपीबी९ त्याच जातीचं असलं तरी कापायची ताकद त्यात फारशी नाही, म्हणून टीएफटूएस बाहेरून लागतं. तुमच्या प्रयोगात लांब साच्यावर मधेच ठरावीक ठिकाणी पट्टे साचत असतील, तर आधी टीएफटूएस घालून बघा. पट्टे पुढे सरकले तर एन्झाइम मागे सरकून अडकलं होतं. नाही सरकले तर कारण दुसरं आहे, कदाचित डीएनए तिथे तुटलेला असेल.

आता प्रमोटरचा भाग. दार लावलेल्या स्थितीत फट इतकी अरुंद असते की सरळ, ताठ दुपदरी डीएनए तळापर्यंत जाऊच शकत नाही. बारा सबयुनिटांच्या रचनेत दिसलं की देठ पाचरीसारखा बसून क्लॅम्प मिटलेला ठेवतो. म्हणजे आधी डीएनए वरच्या वर योग्य जागी धरला पाहिजे, मग धागे सुटे केले पाहिजेत, आणि मग एकटा साच्याचा धागा खाली उतरवला पाहिजे. ही तिन्ही कामं बाहेरच्यांची. टीएफटूडी मधलं टीबीपी टाटा पेटीवर बसून डीएनए जवळजवळ काटकोनात वाकवतं. टीएफटूबी एका हाताने टीबीपी-डीएनए धरतं आणि दुसरा हात थेट पॉलिमरेजच्या फटीत घालतं. टीएफटूएफ पॉल २ बरोबर येतं आणि त्याला भलत्या डीएनएवर बसू देत नाही. टीएफटूई टीएफटूएचला बोलावून आणतं. टीएफटूएचमधलं एक्सपीबी हे प्रथिन एटीपी खर्च करून पुढचा डीएनए फटीत ढकलत राहतं. पुढे सरकायला जागा नसल्याने डीएनए पिळला जाऊन धागे सुटतात.

एटीपी इथे दोनदा लागतो, आरएनएत जोडायला आणि धागे उघडायला. बीटा-गॅमा बंध न तुटणारा एटीपीचा जुळा दिला तर आरएनए बनू शकतो पण सुरुवात होत नाही. त्याच मिश्रणात थोडा डीएटीपी घातला की होते, कारण एक्सपीबीला डीएटीपी चालतो. काही प्रमोटरांवर अतिपिळाचं प्लास्मिड वापरलं तर टीएफटूएचशिवायही भागतं. डीएनएच्या पिळातली ताकद धागे उघडायला पुरते. म्हणून प्लास्मिड कापून सरळ केल्यावर आरएनए गायब झाला, तर सगळ्यात आधी टीएफटूएच आणि एटीपीकडे बघा.

तेव्हा पुढे जायला सोपे रस्ते दोन. एक म्हणजे अख्खा केंद्रकीय अर्क वापरणं. हेला पेशींसाठी १९८३ ची डिगनम पद्धत आजही चालते: कमी मिठाच्या द्रावणात (१० मिलिमोलर हेपीस, पीएच ७.९, १.५ मिलिमोलर मॅग्नेशिअम क्लोराइड, १० मिलिमोलर पोटॅशिअम क्लोराइड, ०.५ मिलिमोलर डीटीटी) पेशी फुगवून डाउन्स होमोजिनायझरने फोडायच्या, केंद्रकं खाली बसवायची, ०.४२ मोलर सोडिअम क्लोराइडने अर्क काढायचा, आणि २० टक्के ग्लिसरॉल व ०.१ मोलर पोटॅशिअम क्लोराइडच्या द्रावणात डायलिसिस करायचं. मीठ ०.४२ च्या पुढे न्यायचा मोह टाळा. हिस्टोन सुटून येतात आणि साच्यावर बसतात. २५ मायक्रोलिटरच्या प्रयोगात १० मायक्रोलिटर अर्क घातला की पोटॅशिअम ४० मिलिमोलर झालंच, वरून घालताना तेवढं वजा करा. अर्क आणि डीएनए यांचं प्रमाण प्रत्येक नव्या अर्कासाठी नव्याने ठरवावं लागतं. डीएनए कमी पडला तर कुठेही चिकटणारी प्रथिनं त्याला गुंडाळून टाकतात, जास्त झाला तर अपुरे साथीदार विखुरले जातात आणि एकाही प्रमोटरवर पूर्ण संच जमत नाही. १०० नॅनोग्रॅमपासून ४०० पर्यंत चढत जा, ३० अंशाला तासभर.

वाचायला जी-विरहित साचा घ्या: प्रमोटरपुढे काही शे बेसांचा असा तुकडा, ज्याच्या आरएनएत जी येतच नाही. मिश्रणात जीटीपी घालायचं नाही, त्याऐवजी ३'-ओ-मिथाइल जीटीपी, म्हणजे पहिला जी आला की साखळी संपते. शेवटी आरएनेज टी१, जे जी नंतर कापतं. भलत्या ठिकाणाहून सुरू झालेले सगळे आरएनए एक तर अडतात, नाही तर कापले जातात. प्रमोटरवरचा तेवढा उरतो. अमानिटिनचा नमुना शेजारी लावा. यीस्टचा अर्क असेल तर एकच पट्टा येईल अशी अपेक्षा ठेवू नका: माणसात सुरुवात टाटापासून २५ ते ३० बेसांवर होते, यीस्टमध्ये ४० ते १२० च्या पट्ट्यात, अनेक जागांवरून. आणि तुमचं यीस्टचं पॉल २ माणसाच्या टीएफटूबीबरोबर जोडू नका. सुरुवातीची जागा पॉल २ आणि टीएफटूबी ही जोडी मिळून ठरवते, आणि परक्या जोड्या नीट जुळत नाहीत.

दुसरा रस्ता सुरुवातीला वळसा घालतो, आणि तुमच्याकडे शुद्ध एन्झाइम आहे तर मी हाच सुचवीन. कृत्रिम धाग्यांवर धावतं संकुल बांधा. नऊ न्यूक्लिओटाइडांचा आरएनए, ५' टोकाला किरणोत्सारी खूण केलेला, साच्याच्या धाग्याशी जुळवा: ४५ अंशापासून सावकाश थंड करत. त्यात पॉल २ घाला, १० मिनिटं खोलीच्या तापमानाला. मग दुसरा धागा भरपूर जास्त प्रमाणात, आणखी १० मिनिटं. द्रावण २० मिलिमोलर ट्रिस (पीएच ७.९), ४० मिलिमोलर पोटॅशिअम क्लोराइड, ५ मिलिमोलर मॅग्नेशिअम. क्रम उलटा केलात, दोन्ही डीएनए धागे आधी जुळवलेत, तर ते आरएनएला हुसकून लावतात. संकुल मण्यांवर धरून १ मोलर पोटॅशिअम क्लोराइडने धुवा. खरं धावतं संकुल त्यात टिकतं, नुसतं चिकटलेलं निघून जातं. मग न्यूक्लिओटाइड एकेक करून द्या आणि जेलवर एकेक पायरी चढताना बघा. पहिलंच न्यूक्लिओटाइड दिल्यावर निम्म्याहून जास्त आरएनए जागचा हलत नसेल, तर तेवढं एन्झाइम निकामी आहे असं खुशाल म्हणा.

शेपटीबद्दल अजून काहीच बोललो नाही, आणि बाकी कुठल्याही पॉलिमरेजला ती नाही. आरपीबी१ च्या शेवटी टायरोसिन-सेरीन-प्रोलीन-थ्रिओनिन-सेरीन-प्रोलीन-सेरीन ही सात अमिनो आम्लं पुन्हा पुन्हा येतात, यीस्टमध्ये २६ वेळा, माणसात ५२ वेळा. स्फटिकात ती दिसत नाही, कारण तिला ठरावीक आकारच नाही. उत्प्रेरणालाही ती लागत नाही. यीस्ट आठ पुनरावृत्तींवर जगतं, त्याखाली मरतं. आरएनए बाहेर पडतो त्या दाराशेजारीच शेपटीचं मूळ आहे, आणि कामाचे लोक तिच्यावर टांगलेले असतात. सुरुवातीला टीएफटूएचमधलं किनेज सेरीन ५ वर फॉस्फेट लावतं, त्याला आरएनएच्या ५' टोकावर टोपी बसवणारं एन्झाइम येऊन चिकटतं. आरएनए वीस-पंचवीस न्यूक्लिओटाइडांचा होऊन बाहेर डोकावतो तोच टोपी बसते. प्राण्यांत पॉल २ बहुतेकदा २० ते ६० बेसांवर थांबतं, डीएसआयएफ आणि एनईएलएफ ही प्रथिनं त्याला धरून ठेवतात. पी-टीईएफबी हे किनेज आलं की सुटका होते, आणि पुढे जनुकाच्या अंगात सेरीन २ चे फॉस्फेट वाढत जातात, ज्यांना शेवटची कापणी करणारी प्रथिनं ओळखतात. कुठे कापायचं हे सांगणारी पॉलि-ए खूण ओलांडून आरएनए कापला गेला की उरलेल्या टोकाला एक्सआरएन२ पाठीमागून कुरतडत येतं आणि पॉल २ डीएनएवरून उतरतं. डिस्ट्रोफिनच्या २० लाखांहून जास्त बेसांच्या जनुकावर हा प्रवास १६ तासांचा आहे.

प्रयोगशाळेतले निम्मे घोटाळे या शेपटीचे. माणसाचं आरपीबी१ जेलवर दोन जागी दिसतं: फॉस्फेट नसलेलं टूए सुमारे २२० किलोडाल्टनला, फॉस्फेटांनी लदलेलं टूओ सुमारे २४० ला. आणि १८० ला तिसरा पट्टा दिसला तर तो नवीन प्रकार नव्हे. प्रोटिएजनी, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांनी, शेपटी खाल्ली आहे. थायमसच्या डीएनएवर असं शेपटीविना एन्झाइमही तितकंच जोरात चालतं, त्यामुळे तिथे हे कळत नाही. ८डब्ल्यूजी१६ ही प्रतिपिंडं वापरत असाल तर ती बिनफॉस्फेटच्या शेपटीला धरतात. चिपमध्ये (प्रथिन डीएनएवर कुठे बसलंय हे प्रतिपिंडांनी शोधणाऱ्या चाचणीत) जनुकाच्या मधल्या भागात तिचा संकेत घसरला म्हणजे पॉल २ कमी झालं असं नव्हे, तिथे शेपटीवर फॉस्फेट वाढलेले असतात. एकूण पॉल २ मोजायचं तर शेपटीबाहेरचा भाग ओळखणारी प्रतिपिंडं घ्या. जुनी एच५ आणि एच१४ ही प्रतिपिंडं आयजीएम प्रकारची आहेत, प्रोटीन ए मण्यांना ती धड चिकटत नाहीत. मधे आयजीएमविरोधी दुसरी प्रतिपिंडं लागतात. अर्क काढताना सोडिअम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट विसरलात तर टूओ बर्फावरच टूए होऊन जातं.

जाता जाता तुमच्या जेलबद्दल. आरपीबी४ चा पट्टा फिका असेल तर घाबरू नका. जोमाने वाढणाऱ्या यीस्टमध्ये थोड्याच पॉल २ रेणूंवर देठ पक्का टिकतो, वाढ थांबलेल्या पेशींत जवळपास सगळ्यांवर. आरपीबी४ आणि ७ एकत्र जिवाणूत बनवून पाचपट जास्त घाला, तासभर ठेवा, आणि जेल फिल्ट्रेशनवर उरलेलं वेगळं करा. सगळ्या द्रावणांत १० मायक्रोमोलर झिंक क्लोराइड आणि थोडं डीटीटी असू द्या. एन्झाइममध्ये आठ झिंक आहेत आणि धातू पकडणारं ईडीटीए जास्त झालं की ते ओढले जाऊ शकतात. उणे ८० ला एका प्रयोगापुरते लहान भाग करून ठेवा. वितळवलेला भाग परत गोठवलात तर थायमसच्या डीएनएवर तो बराच काळ चालत राहील, पण वरच्या नऊ न्यूक्लिओटाइडांच्या चाचणीत लगेच उघडा पडेल.